तिसऱ्या खेळीचा फाटा

१४. पांढऱ्याने डी४, सी४ अशी प्यादी सारून घोडा सी३ वर आणला आणि काळ्याने घोडा एफ६ व प्यादे जी६ वर ठेवले, की इथे वाट फुटते. काळ्याने उंट जी७ वर नेऊन मागोमाग डी६ केले तर किंग्ज इंडियन; लगेच डी५ खेळून मध्याला धडक दिली तर ग्रुनफेल्ड.

फरक एका प्याद्याचा दिसतो, पण पुढचे डाव पार वेगळे. ग्रुनफेल्डच्या मुख्य प्रकारात पांढरा डी५ वर मारतो, काळा घोड्याने उलट मारतो आणि ई४ येताच सी३ वरचा घोडा टिपतो. आता पांढऱ्याची प्यादी सी३, डी४, ई४ वर ऐटीत उभी. जी७ चा उंट आणि सी५ चे प्यादे मिळून नेमका डी४ पोखरू लागतात. किंग्ज इंडियनमध्ये मध्य बहुधा बंद होतो. मग पांढरा वजिराच्या बाजूने चढतो, काळा एफ५ करून राजावर.

व्हिएन्नाच्या एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी १९२२ मध्ये याच बचावाने अलेखिनला हरवले. पण कोलकात्यात मोहेशचंद्र बॅनर्जी यांनी जॉन कॉक्रेनविरुद्ध तो १८५५ सालीच खेळल्याची नोंद आहे. हा मान त्यांना आवर्जून द्यायला हवा.

कास्पारोव दोन्ही खेळत. १९९० च्या जगज्जेतेपद सामन्यात कार्पोवविरुद्ध त्यांनी दोन्ही वापरले. १९९७ मध्ये नोव्हगोरोदला क्रॅमनिककडून हरल्यावर मात्र त्यांनी किंग्ज इंडियन जवळजवळ सोडला. मजकुरातील ‘गॅरीचा निरोप’ तो हाच.