गिरणगावातील उधारी आणि माणुसकी

स्मरणिकेत थोरामोठ्यांचा इतिहास येतो, तो आलाच पाहिजे. परंतु साध्या माणसांनी परक्या माणसाला दिलेला आधार, हाही इतिहासच आहे. तो कुणी लिहून ठेवत नाही, म्हणून आम्ही कामगारांनीच तो सांगायचा.

मुंबईत १८५४ साली पहिली कापड गिरणी स्थापन झाली. पुढे कोकणातून, घाटावरून माणसे येत राहिली. बायकापोरं गावाकडे, आणि इथे एकेका खोलीत पाळीपाळीने झोपणारे कितीतरी जण. त्यांना जेवू घातले ते खानावळवाल्या बायांनी. पैसे पगार झाल्यावर. ना कागद, ना जामीन. १९७३-७४ च्या संपात पगार थांबले, पण या बायांनी ताट थांबवले नाही. उधारीवर जेवू घातले आणि स्वतः कर्जात बुडाल्या. त्यांची ही अवस्था पाहून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले व त्यांना बँकेचे कर्ज मिळवून दिले.

मात्र ही माणुसकी सर्वांच्या वाट्याला सारखी आली नाही, हेही सांगितले पाहिजे. खोल्या, खानावळी गाव आणि जात बघून चालत. गिरणीत पाण्याचे माठसुद्धा वेगळे. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, म्हणून विणकाम खात्यात आमच्या माणसांना मज्जाव होता. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठामपणे मांडला. म्हणजे एकाच संपात लढणारे हातसुद्धा एका माठातले पाणी घेत नव्हते!

आता २६ जुलै २००५ आठवा. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल बंद, रस्ते पाण्याखाली. अडकलेल्यांना वस्त्या-वस्त्यांतून चहा, बिस्किटे, रात्रीपुरती जागा मिळाली. त्या रात्री आडनाव विचारायला कुणाला सवड नव्हती.

पण पूर ओसरला की पुन्हा आडनाव विचारले जाते. म्हणून खरी कसोटी पुरात नाही, रोजच्या दिवशी आहे. आज आपल्या दाराशी कुरिअरवाला पोरगा येतो, समोरच्या इमारतीवर परप्रांतातला मजूर राबतो. वेगळ्या माठाचे दुःख ज्यांनी सोसले, त्यांच्या घरातून त्याला पाणी मिळते ना, तेही आपल्याच पेल्यातून? एवढे प्रत्येक कुटुंबाने आपल्या मुलांसमोर करून दाखवावे, हीच विनंती.

जयभीम!