बराकपूरचा जमादार

बदलीवर कलकत्त्यास आलेला मराठी गृहस्थ केव्हातरी बराकपूरच्या मंगल पांडे उद्यानात जातोच, आम्हीही गेलो. २९ मार्च १८५७ ची हकीकत आपणांपैकी पुष्कळांना सावरकरांच्या ग्रंथामुळे परिचित आहे. एका बाजूस स्वधर्म व स्वराज्य, दुसऱ्या बाजूस फिरंगी. राज्यकर्ते ज्यास केवळ 'बंड' म्हणून हिणवीत, त्याला १९०९ साली उत्तर द्यावयाचे तर रंग भडक होणारच. इंग्रजांनी तरी काय केले? बंडखोर शिपाई दिसला की तो 'पांडी'!

परंतु आजचे पुराणमतवादी राजकारण तेच चित्र पुढे करून 'तेव्हा माणसे एक शूर तरी असत, नाहीतर फितूर' असे सांगू लागते, तेव्हा आम्हांस ३४व्या पलटणीतले आणखी दोघे आठवतात. शेख पलटूने पांडेला कमरेशी धरून ठेवले व गोऱ्या अधिकाऱ्यांचे प्राण वाचविले. त्यास हवालदारी मिळाली. त्याला घरभेदी म्हणणे सोपे, पण तोही त्याच पलटणीचे अन्न खाणारा. जमादार ईश्वरीप्रसादाचे काय? त्याने बंदूक उचलली नाही. पांडेला पकडा, एवढा हुकूम मात्र पहाऱ्यावरच्या शिपायांना दिला नाही. पांडे ८ एप्रिलला फासावर गेला, जमादार २१ एप्रिलला.

वरिष्ठांची आज्ञा आणि हाताखालच्यांची नजर यांच्यामध्ये तो उभा होता. सरकारी चाकरीत केस पांढरे केलेल्या आमच्या वाचकांस ती जागा अगदीच अनोळखी नसावी.