सहायक प्रशिक्षक : महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल

महाविद्यालयाच्या किंवा विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉल संघात मुख्य प्रशिक्षकाच्या जोडीने काम करणारी व्यक्ती. सराव घेणे, प्रतिस्पर्ध्याच्या खेळाचा अभ्यास करणे, एकेका मुलीचे कौशल्य घडवणे आणि सामन्यात बाकावरून सल्ला देणे ही तिची मुख्य कामे. अमेरिकेत हा पूर्णवेळ पगारी व्यवसाय असून अनेकींनी सारी कारकीर्द त्यात घालवली आहे. महाराष्ट्रात काम तेच आहे, ते होतेही. पण सर्वसाधारण महाविद्यालयाच्या कर्मचारीवर्गात या नावाचे पद नसते. वरणगाव-भुसावळसारख्या भागातील खेळाडू मुलींवर त्याचा थेट परिणाम होतो, म्हणून या नोंदीत अमेरिकेतील काही कारकिर्दी आणि खानदेशातील स्थिती एकत्र घेतली आहे.

नियमांतील स्थान : आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांनी ‘प्रथम सहायक प्रशिक्षक’ ही भूमिका स्पष्ट केलेली आहे. सामना चालू असताना मुख्य प्रशिक्षक किंवा प्रथम सहायक यांपैकी एका वेळी एकालाच उभे राहता येते. टाइम-आउट मागण्याचा अधिकार या दोघांनाच असतो. चेंडू मृत असून घड्याळ थांबलेले असताना गुणलेखकांच्या टेबलाशी माहितीपुरते बोलण्याची मुभाही त्यांनाच असते. मुख्य प्रशिक्षकाला बाहेर काढले किंवा त्याची प्रकृती बिघडली, तर संघाची सारी जबाबदारी प्रथम सहायकाकडे जाते. म्हणजे चाळीस मिनिटांच्या सामन्यात कोणत्याही क्षणी संघ तिच्या हाती येऊ शकतो आणि त्यासाठी तिला मुख्य प्रशिक्षकाइतकीच तयारी ठेवावी लागते. आपल्याकडे आंतरमहाविद्यालयीन सामन्यात बाकावर पाण्याच्या बाटल्या आणि पिशव्या सांभाळणाऱ्या कोणालाही सहायक म्हणण्याची सवय आहे. नियमपुस्तकातला सहायक तो नव्हे.

कामाचे स्वरूप : या पदाचे खरे काम सामन्याआधी होते. पुढच्या प्रतिस्पर्ध्याचे दोन-तीन सामने चित्रफितीवर पाहून सहायक प्रशिक्षक टिपण तयार करते : त्यांची पॉइंट गार्ड दबावाखाली कोणत्या हाताने ड्रिबल करते, पिक अँड रोलनंतर पास कुठे जातो, झोन लावला तर कोपऱ्यातून शूट करणारी कोण आहे, फ्री थ्रो कोणाचा कच्चा आहे. ते टिपण एका पानात बसवावे लागते, कारण वीस वर्षांची खेळाडू सामन्यात चार-पाच गोष्टींपेक्षा जास्त लक्षात ठेवू शकत नाही. काय गाळायचे हे ठरवणे, यातच या कामाचे कसब आहे. अमेरिकेतील मोठ्या संघांत प्रतिस्पर्धी वाटून घेतात. ज्या सहायकाच्या वाट्याला जो संघ येतो, त्याच्याविरुद्धची आखणी मुख्यतः तिची असते.

दुसरे काम वैयक्तिक सरावाचे. संघाचा सराव दोन तास चालतो. त्यात एका मुलीच्या वाट्याला मनासारखे शूटिंग फार थोडे येते. म्हणून सरावाआधी किंवा नंतर अर्धा तास एकटीला घेऊन पायांची ठेवण, मनगट, रिबाउंडसाठी बॉक्स-आउट, डाव्या हाताचा लेअप यांवर काम होते. सहायकांतही वाटणी असते : कोणी गार्ड घडवते, कोणी पोस्टखाली खेळणाऱ्या उंच मुली. महिलांच्या खेळात सहा क्रमांकाचा, म्हणजे पुरुषांच्या सात क्रमांकापेक्षा थोडा लहान आणि हलका चेंडू वापरतात; तीन गुणांची रेषा मात्र आंतरराष्ट्रीय नियमांत दोघांनाही ६.७५ मीटरवरच असते. सात क्रमांकाच्या चेंडूवर सराव करून सहा क्रमांकाने सामना खेळायची वेळ आली की शूटिंगचा अंदाज चुकतो. चेंडू विकत घेताना ही काळजी घेणारे कोणी तरी संघात लागते.

तिसरे काम नियमांत कुठेही लिहिलेले नाही. संघातून वगळल्यावर रडणारी मुलगी, पाळीच्या दिवसांत सराव कसा करावा हे विचारू न शकणारी मुलगी, घरून खेळ बंद करण्याचा आग्रह होत असलेली मुलगी मुख्य प्रशिक्षकाकडे जात नाही, सहायकाकडे जाते. मुख्य प्रशिक्षक संघ निवडतो आणि खेळायची मिनिटे वाटतो, त्यामुळे त्याच्याशी मोकळे बोलणे अवघड असते. मधल्या पायरीवरच्या माणसाचे महत्त्व इथे आहे. मुलींच्या संघात मुख्य प्रशिक्षक पुरुष असेल, तर सहायक स्त्री असणे ही गरजच मानली पाहिजे.

पूर्वपीठिका : बास्केटबॉलचा जन्म डिसेंबर १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे वाय.एम.सी.ए.च्या प्रशिक्षणशाळेत झाला. जनक जेम्स नेस्मिथ. दुसऱ्याच वर्षी सेंडा बेरेन्सन यांनी जवळच्या स्मिथ कॉलेजात तो मुलींना शिकवला आणि २२ मार्च १८९३ रोजी तिथल्या विद्यार्थिनींच्या दोन वर्गांत सामना झाला. मुलींची दमछाक होऊ नये म्हणून बेरेन्सन यांनी मैदानाचे तीन भाग पाडले होते. महाविद्यालयीन मुली पाच-पाच जणींनी पूर्ण मैदानावर खेळू लागायला १९७१ साल उजाडावे लागले. १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी झाली, मुलींच्या संघांना पैसा मिळू लागला आणि प्रशिक्षकपदे पगारी झाली. याची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. १९७२ मध्ये महिला संघांच्या प्रशिक्षकांत ९० टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पदांना मोल आल्यावर पुरुष मोठ्या संख्येने आले आणि स्त्रियांचे प्रमाण पुढे निम्म्याखाली गेले. अमेरिकेत एन.सी.ए.ए. ही महाविद्यालयीन खेळांची मुख्य नियामक संस्था १९८२ पासून महिलांची राष्ट्रीय स्पर्धा घेते. तिच्या प्रथम श्रेणीत सहायकांची मर्यादा २०२३ मध्ये तीनवरून पाचवर गेली.

कारकिर्दीचे नमुने : या पदाकडे मुख्य प्रशिक्षकपदाची पायरी म्हणून पाहिले जाते. ते अर्धेच खरे आहे. क्रिस डेली १९८५ मध्ये जिनो ऑरिएमा यांच्याबरोबर कनेटिकट विद्यापीठात आल्या आणि त्याच बाकावर चार दशके राहिल्या. २०१८ मध्ये त्यांना महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. टेनेसी विद्यापीठात पॅट समिट यांनी आठ राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. त्यांची माजी खेळाडू हॉली वॉर्लिक १९८५ पासून त्यांची सहायक होती आणि समिट यांनी आजारपणामुळे २०१२ मध्ये पद सोडल्यावर मुख्य प्रशिक्षक झाली. उलट उदाहरण डॉन स्टेली यांचे. सहायकपदाचा अनुभव नसताना, स्वतः व्यावसायिक खेळाडू असतानाच त्या २००० मध्ये टेंपल विद्यापीठाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या. पण त्यांच्या यशात लिसा बॉयर या अनुभवी सहायकाची दीर्घ साथ आहे, आणि बॉयर त्याआधी २००१-०२ च्या हंगामात एन.बी.ए. या अमेरिकेतील पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधील क्लीव्हलँड संघाच्या बाकावर बसून आल्या होत्या.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी कारकीर्द सोनिया रामन यांची. त्यांची आई नागपूरची, वडील चेन्नईचे. त्या स्वतः मॅसॅच्युसेट्समध्ये वाढल्या. टफ्ट्स विद्यापीठाच्या संघातून त्या चार वर्षे खेळल्या, कर्णधार झाल्या आणि पदवीनंतर तिथेच दोन हंगाम सहायक प्रशिक्षक राहिल्या. पुढे बॉस्टन कॉलेजातून २००१ मध्ये कायद्याची पदवी घेऊन त्यांनी वकिली धरली, आधी अमेरिकेच्या कामगार खात्यात आणि नंतर एका वित्तसंस्थेत. याच काळात सहा वर्षे त्या वेल्स्ली या मुलींच्या महाविद्यालयात सहायक प्रशिक्षक होत्या. दिवसा कायदा आणि संध्याकाळी सराव हा क्रम २००८ पर्यंत चालला. वेल्स्ली, टफ्ट्स ही तृतीय श्रेणीची महाविद्यालये. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत, मुली अभ्यास सांभाळून खेळतात आणि अर्धवेळ सहायकांवर बरेच काम चालते. खानदेशातील महाविद्यालयाशी तुलना करायची तर ती या श्रेणीशी करावी, भरलेल्या प्रेक्षागृहांत खेळणाऱ्या प्रथम श्रेणीशी नव्हे.

२००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने, म्हणजे एम.आय.टी.ने, रामन यांना महिला संघाचे मुख्य प्रशिक्षकपद दिले आणि त्यांनी वकिली सोडली. वेल्स्ली आणि एम.आय.टी. एकाच स्पर्धामंडळातल्या, त्यामुळे प्रतिस्पर्ध्यांचा अभ्यास त्यांच्या हाताशी होताच. या मंडळात स्मिथ कॉलेजही आहे आणि नेस्मिथ यांच्या शाळेचे आजचे रूप असलेले स्प्रिंगफील्ड कॉलेजही. बारा हंगामांत रामन यांच्या संघाने १५२ सामने जिंकले, तो त्या संघाच्या प्रशिक्षकांतला उच्चांक ठरला. त्यांपैकी ९१ विजय शेवटच्या पाच हंगामांतले, म्हणजे पहिल्या सात हंगामांत मिळून केवळ ६१. २०१८ आणि २०१९ मध्ये संघाने मंडळाचे विजेतेपद मिळवले. त्याआधी ते कधीच मिळाले नव्हते. संघ उभा राहायला किती वर्षे लागतात आणि तेवढी वर्षे संस्थेने थांबावे लागते, हे या आकड्यांवरून कळते.

सप्टेंबर २०२० मध्ये एन.बी.ए.च्या मेम्फिस ग्रिझलीज संघाने रामन यांना सहायक प्रशिक्षक नेमले. बारा वर्षे मुख्यपद सांभाळून त्या पुन्हा सहायक झाल्या. एन.बी.ए.मध्ये प्रशिक्षक झालेल्या त्या भारतीय वंशाच्या पहिल्या स्त्री. ग्रिझलीजच्या बाकावर आदल्या हंगामात नील आयव्ही होत्या. नोत्र दाम विद्यापीठाच्या महिला संघाच्या त्या बारा वर्षे सहायक होत्या आणि २०२० मध्ये तिथेच मुख्य प्रशिक्षक म्हणून परतल्या. रामन पुढे न्यूयॉर्क लिबर्टी या महिला संघाच्या सहायक झाल्या आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये सिअ‍ॅटल स्टॉर्म या महिला संघाने त्यांना मुख्य प्रशिक्षक नेमले.

भारतात खेळून अमेरिकेतील महाविद्यालयीन बाकावर पोहोचलेल्यांत वाराणसीच्या दिव्या सिंग आहेत. २००६ च्या मेलबर्न राष्ट्रकुल स्पर्धेत त्या भारतीय संघात होत्या. २००८ ते २०१० या काळात डेलावेअर विद्यापीठात क्रीडा व्यवस्थापन शिकताना त्यांनी तिथल्या महिला संघाच्या सहायक प्रशिक्षकाचे काम केले. २०१४ मध्ये गोव्यात झालेल्या लुसोफोनिया स्पर्धेत त्या भारतीय महिला संघाच्या प्रशिक्षकवर्गात होत्या.

महाराष्ट्र आणि खानदेश : आपल्या महाविद्यालयांत खेळाची जबाबदारी शारीरिक शिक्षण संचालकाकडे असते. एकच व्यक्ती कबड्डी, व्हॉलीबॉल, ॲथलेटिक्स, बुद्धिबळ आणि बास्केटबॉल पाहते, प्रवेशिका भरते आणि खेळाडूंची पात्रता-कागदपत्रे पूर्ण करते. त्यांतले अनेक जण मनापासून काम करतात, पण एका खेळात मुरण्याइतका वेळ त्यांना मिळत नाही. प्रशिक्षणाचे शास्त्रीय शिक्षण घ्यायचे तर पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका हा मान्यवर मार्ग. ही संस्था १९६१ मध्ये स्थापन झाली आणि पुढे तिला नेताजी सुभाषचंद्र बोस यांचे नाव मिळाले. पदविका घेतलेल्यांची धाव राज्याच्या क्रीडा खात्यातील क्रीडा मार्गदर्शकपद, भारतीय क्रीडा प्राधिकरण किंवा खासगी शाळा यांकडे असते. महाविद्यालयात त्यांच्यासाठी जागा क्वचितच असते.

वरणगाव हे जळगाव जिल्ह्यातील भुसावळ तालुक्यातले गाव. १९६४ मध्ये सुरू झालेला दारूगोळा कारखाना, जवळचे दीपनगरचे औष्णिक वीजकेंद्र आणि भुसावळचे रेल्वे विभागीय कार्यालय यांमुळे देशभरातील नोकरदार कुटुंबे या पट्ट्यात राहिली. अशा वसाहतींत मुलींनी संध्याकाळी मैदानावर जाणे तुलनेने सोपे असते. रेल्वेचा इथे आणखी एक अर्थ आहे : राष्ट्रीय महिला बास्केटबॉलवर भारतीय रेल्वेच्या संघाचे दीर्घकाळ वर्चस्व राहिले आहे आणि खेळाडू कोट्यातून मिळणारी नोकरी हे मुलींना खेळात टिकवणारे सर्वांत ठोस कारण आहे. भारतीय संघाच्या कर्णधार राहिलेल्या पुण्याच्या शिरीन लिमये यांच्यासारख्या खेळाडू मोठ्या शहरांतल्या जुन्या मैदानी परंपरेतून आल्या. तशी सलग परंपरा या पट्ट्याला अजून घडवायची आहे.

महाविद्यालयीन पातळीवर वरणगावची मुलगी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कक्षेत येते. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेल्या या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाईंचे नाव मिळाले. जळगाव, धुळे, नंदुरबार हे जिल्हे त्याच्या अखत्यारीत आहेत. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेतून विद्यापीठाचा बारा जणींचा संघ निवडला जातो, थोड्या दिवसांचे शिबिर होते आणि संघ पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला जातो. तिथे महाराष्ट्राबरोबर गुजरात, मध्य प्रदेश, राजस्थान आणि गोव्याची विद्यापीठे असतात. शिबिरात एकत्र आलेल्या मुली तोवर एकमेकींविरुद्ध खेळलेल्या असतात. त्यांना संघ म्हणून बांधायला हे दिवस फार अपुरे आहेत आणि वर्षभर त्यांच्यावर लक्ष ठेवणारे कोणी नसते. सहायक प्रशिक्षकाची उणीव नेमकी या ठिकाणी दिसते.

इथे हे काम बहुतेकदा पदवी मिळवलेली माजी खेळाडू करते. मुली तिला ताई म्हणतात. बी.पी.एड. किंवा नोकरीची तयारी करत ती उन्हाळ्यात पहाटे, पारा ४५ अंशांकडे जाण्याआधी, सिमेंटच्या कोर्टवर नव्या मुलींना लेअप शिकवते आणि शेवटची एस.टी. चुकू नये म्हणून संध्याकाळचा सराव आटोपता घेते. तिचे नाव संघाच्या यादीत व्यवस्थापक म्हणून येते, कधी येतही नाही. लग्न झाले किंवा दुसरीकडे नोकरी लागली की ती जाते आणि तिने हेरून ठेवलेले सारे तिच्याबरोबर जाते. विद्यापीठाने विभागवार एकेक महिला सहायक प्रशिक्षक मानधनावर वर्षभरासाठी नेमली, तिला पतियाळाच्या अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रासाठी पाठवले आणि संघाच्या अधिकृत यादीत प्रथम सहायक म्हणून तिचे नाव घातले, तर त्याला फार मोठा खर्च येणार नाही. सामन्याच्या निदान चाळीस मिनिटे आधी गुणलेखकाकडे द्यायच्या यादीत त्या नावासाठी जागा आजही आहे.