मोठेबाबांनी पाहिलेला ‘सत्या’

‘सत्या’ लागला 3 जुलै 1998 ला. त्या दिवसांत आमच्या महागावात पिक्चरची शुद्ध कोणाला असते? पेरण्या आटोपलेल्या, पऱ्हाटी जेमतेम वर आलेली, डवरे बाहेर निघालेले आणि पावसानं ओढ दिली तर दुबार पेरणीला बियाणं कुठून आणायचं, हा घोर. कॉलेजातली काही पोट्टी एसटीनं पुसदला जाऊन पाहून आली असतील. मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावानं, तो पाहिला नंतर कधीतरी, गणपतीत. मंडळाच्या पोरांनी टीव्ही आणि व्हिडिओ भाड्यानं आणला होता. लाइनचा भरवसा नाही म्हणून जनरेटरही होतं. त्याच वर्षी की पुढच्या, हे मला आता सांगता येत नाही.

पिक्चर म्हणजे मोठेबाबांचा जीव की प्राण. त्यांच्या तरुणपणी टुरिंग टॉकीजचा तंबू पडला की बंड्या जुंपून खेड्यापाड्यातली माणसं यायची. बसायला घरूनच बारदाना न्यायचा. बाया एकीकडे, माणसं एकीकडे. मोठीमाय, म्हणजे त्यांची बायको, पदरात फुटाणे आणि गुळाचा खडा बांधून न्यायची. रीळ तुटलं की अंधारात साऱ्या गावाचा कालवा, आणि तेवढ्यात कोणाचं तरी लेकरू हरवायचं. मोठीमाय म्हणे की पिक्चरपेक्षा तिला ते मधलंच जास्त आवडायचं, कारण माहेरची माणसं भेटायची.

पण मोठेबाबांची खरी आवड होती फौजदार, गुंड आणि पुढारी यांच्या पिक्चरची. 1983 चा ‘अर्धसत्य’ त्यांनी यवतमाळला पाहिला, कोर्टाची तारीख होती तेव्हा. तारीख पुढची मिळाली आणि दुपार मोकळी सापडली. ओम पुरीचा फौजदार वेलणकर आणि सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी त्यांच्या मनात जे बसले ते कायमचे. श्री. दा. पानवलकरांच्या ‘सूर्य’ या कथेवरून विजय तेंडुलकरांनी तो लिहिला, हे मला फार पुढे कळलं. मोठेबाबांना लिहिणाऱ्याशी देणंघेणं नव्हतं. गुन्हेगारी करणारा माणूस उद्या निवडणुकीला उभा राहतो, आणि फौजदाराला त्याच्याच दारी जावं लागतं, ही गोष्ट त्यांना झोंबली होती. गावात सोसायटीची निवडणूक लागली की ते रामा शेट्टीचं नाव काढायचे.

आता थोडं पुसदबद्दल सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. पुसद आमच्या शेजारचा तालुका. तिथल्या गहुलीचे वसंतराव नाईक 1963 पासून 1975 पर्यंत मुख्यमंत्री होते, आणि त्यांचे पुतणे सुधाकरराव 1991 च्या जूनमध्ये त्याच खुर्चीवर बसले. सरपंचकीपासून वर चढलेला माणूस. आमच्या घरी दोघांचं नाव घरच्या माणसासारखं एकेरीत घेतलं जाई. मोठेबाबा कास्तकार होते, पण गहुलीचा माणूस मंत्रालयात आहे या एका गोष्टीवर त्यांची छाती फुगलेली असायची.

सुधाकररावांची कारकीर्द वाईट दिवसांत सापडली. मुंबईत 1982 च्या संपानंतर गिरण्या मोडल्या होत्या. आमचा कापूस ज्या शहरात सूत व्हायचा, तिथली गिरणगावातली पोरं बेकार बसली होती आणि त्यातली काही टोळ्यांच्या हाती लागली होती. कापूस पिकवणारा इकडे रडतो आणि कातणारा तिकडे, असं मोठेबाबा म्हणत. 12 सप्टेंबर 1992 च्या पहाटे जे. जे. रुग्णालयात एका टोळीची माणसं घुसली आणि दुसऱ्या टोळीच्या माणसाला उपचार चालू असताना गोळ्या घातल्या. पहाऱ्यावरचे पोलीसही मेले. दगडी चाळ आणि दाऊद ही नावं तेव्हा आमच्या पानठेल्यावरही ऐकू येऊ लागली.

मोठेबाबांचं म्हणणं असं, की त्या दिवशी ते मुंबईतच होते. कसल्याशा कामासाठी आमदारांचं पत्र घेऊन आमदार निवासात उतरले होते. बडनेऱ्याहून रेल्वे, सोबत ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. भाकरी संपल्यावर मुंबईचा वडापाव खाल्ला, आणि आपल्या आलूबोंड्याची सर त्याला नाही असा निकाल देऊन आले. मोठीमायचं म्हणणं वेगळं. तिच्या मते ते मुंबईला गेले ते पोळ्याच्या आधी, आणि जे. जे.ची बातमी त्यांनी घरीच, पेपरात वाचली. तारखेवरून पाहता ते गणपती विसर्जनाच्या आसपासचे दिवस होते. यात खरं कोणाचं, ते सांगायला दोघंही आता नाहीत, तेव्हा मी दोन्ही लिहून ठेवतो.

सुधाकररावांनी काय केलं, हे मात्र सगळ्यांना माहीत आहे. उल्हासनगर आणि वसई-विरारच्या पट्ट्यात ज्यांच्या नावानं माणसं थरथरत, त्यांच्यावर सुधाकररावांच्या सरकारनं टाडा, म्हणजे दहशतवादविरोधी कायदा, लावला. त्यात स्वतःच्या पक्षाचे आमदारही सुटले नाहीत. तिकडे मुंबई महापालिकेचे गो. रा. खैरनार बेकायदा इमारती पाडत होते. मोठेबाबा रोज पेपर वाचून दाखवायचे आणि ‘आपला बुवा भेला नाही’ असं म्हणून तो घडी करून उशाशी ठेवायचे. मग मुंबईत डिसेंबर आणि जानेवारीच्या दंगली आल्या. सुमारे 900 माणसं मेली. दिल्लीनं मुख्यमंत्री बदलला. 6 मार्च 1993 ला शरद पवारांनी शपथ घेतली आणि सहाच दिवसांनी, 12 मार्चला, बॉम्बस्फोटांत 257 जीव गेले. त्याच वर्षी केंद्रानं एन. एन. व्होरा समिती नेमली, आणि गुन्हेगार, पुढारी नि अधिकारी यांचं साटंलोटं सरकारी कागदावर आलं.

खुर्ची दंगलीनं गेली, असं पेपरवाले लिहीत. मोठेबाबांचं मत पक्कं होतं: ‘सुधाकररावले दंगलीनं नाही खाल्लं, यायनंच खाल्लं.’ ‘यायनं’ म्हणजे कोणी, हे त्यांनी कधी फोडून सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

म्हणून ‘सत्या’च्या रात्री ते पुढच्या रांगेत बसले होते. राम गोपाल वर्मांच्या त्या पिक्चरमध्ये भिकू म्हात्रे आहे, दुसऱ्या टोळीचा गुरू नारायण आहे, पोलीस आयुक्त आमोद शुक्लाला भर रस्त्यात मारलं जातं. मनोज बाजपेयीनं भिकू केला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पोट्टी भिकूवर फिदा होती. मोठीमायला त्याची बायको, प्यारी, आवडली. नवऱ्याला धडधडीत बोलते, वेळेला हातही उगारते, ‘बाई खरी आहे’ असं ती म्हणाली. मोठेबाबांचे डोळे मात्र भाऊवर. गोविंद नामदेवनं केलेला तो पुढारी, भाऊ ठाकुरदास झावळे. हसतो, पाठीवर हात ठेवतो, निवडणूक आहे म्हणून टोळ्यांना दम धरायला सांगतो. निवडून येतो. मग गुलाल उधळलेला असतानाच भिकूला घरी बोलावतो आणि आनंदाच्या भरात गळ्यात पडायचं सोडून गोळी घालतो.

मोठेबाबा उठून उभे राहिले. मागून ‘बसा न बाबाजी’ म्हणून ओरडा झाला. ते बसले नाहीत. तसेच उभ्यानं बाजूच्याला म्हणाले, ‘पायलं का? पाळलं यानंच, मारलंही यानंच.’ पुढे विसर्जनाच्या गर्दीत भाऊचा शेवट होतो, तेव्हा सगळी पोट्टी शिट्ट्या मारत होती आणि ते घराकडे निघालेही होते. घरी मोठीमायनं रोडगे आणि वांग्याची भाजी झाकून ठेवली होती. जेवताना ते बोलले नाहीत, हे तिनंच मला पुढे सांगितलं.

मला वाटतं, त्यांना त्या पिक्चरमध्ये मुंबई दिसलीच नाही. 1992 च्या सप्टेंबरापासून 1993 च्या मार्चपर्यंतचे महिने दिसले, आणि त्या महिन्यांत एकटा पडलेला आपला माणूस दिसला. पोरं बंदुकीसाठी पाहत होती, मोठेबाबा हाताच्या इशाऱ्यानं बंदूक चालवणाऱ्याला ओळखत होते. इतका नीट ‘सत्या’ पाहणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.

सुधाकरराव 10 मे 2001 ला गेले. त्यांच्याच काळात राज्यात जलसंधारणाचं खातं सुरू झालं होतं, म्हणून 10 मे हा जलसंधारण दिन. त्या दिवशी आपल्या भागात भाषणं होतात, बंधाऱ्यांची आठवण निघते, आणि ती निघायलाच हवी. पण पुसद-महागावच्या मंडळींना माझं सांगणं आहे की त्या दिवशी जे. जे. रुग्णालयानंतरच्या त्या सहा महिन्यांबद्दलही बोला. ज्यांनी तेव्हा रोज पेपर वाचून दाखवला असे म्हातारे ज्यांच्या घरी अजून आहेत, त्यांनी आधी त्यांना बोलतं करावं.