रिलायंट के : ख्रिस्ती रॉकमधली थट्टा

'रिलायंट के' हा ख्रिस्ती पॉप-रॉक बँड १९९८ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कँटन शहरात सुरू झाला. गायक-गीतकार मॅट थीसन, गिटार वाजवणारा मॅट हूप्स आणि बासवर ब्रायन पिटमन, अशी ही तिघे शाळकरी वयाची पोरे. बँडला नाव मिळाले ते हूप्सच्या गाडीवरून. प्लिमथ रिलायंट के ही क्रायस्लर कंपनीची 'के-कार'. १९७९ मध्ये कंपनी बुडण्याच्या बेतात होती, तेव्हा अमेरिकन सरकारने तिच्या १५० कोटी डॉलरपर्यंतच्या कर्जांना हमी दिली. कंपनीचे प्रमुख ली आयाकोका यांनी मग १९८१ च्या मॉडेलपासून आलेल्या या चौकोनी, चार सिलिंडरच्या, काटकसरी गाड्यांच्या जोरावर कंपनी सावरली. १९८९ मध्ये रिलायंटचे उत्पादन थांबले. त्यामुळे पोरांच्या हाती ती आली तेव्हा घरातल्या थोरांनी वापरून सोडलेली, मिरवण्याजोगे काहीही नसलेली गाडी एवढीच तिची ओळख उरली होती. नोंदणीकृत नावावरून कंपनीशी कटकट नको म्हणून स्पेलिंगमध्ये एका 'ए'च्या जागी 'ई' घातला, उच्चार तोच ठेवला. स्वतःच्या खटाऱ्याचे नाव स्वतःला लावून घेणाऱ्या या बँडचा स्वभाव तिथेच कळतो.

उपासनेच्या गाण्यात असा खट्याळपणा चालतो का, हा वाद मात्र या पोरांच्या कितीतरी आधीपासूनचा. इंग्लंडमधल्या अनेक मंडळ्यांत उपासनेला फक्त बायबलमधली स्तोत्रेच गायची असा दंडक होता. आयझॅक वॉट्स यांनी १७०७ मध्ये स्वतः रचलेल्या गीतांचा संग्रह काढला, तेव्हा माणसाने रचलेले शब्द देवापुढे गावेत का, इथूनच कुरकुर सुरू झाली. पुढे विल्यम बूथ यांच्या मुक्तिफौज या ख्रिस्ती संघटनेने सरळ दारूच्या गुत्त्यांतल्या आणि करमणुकीच्या थिएटरांतल्या चाली उचलल्या. 'शॅम्पेन चार्ली' या त्या काळच्या लोकप्रिय गाण्याच्या चालीवर तारणाचे शब्द बसले. सगळ्या चांगल्या चाली सैतानाने का न्याव्यात, हा सवाल लूथरपासून बूथपर्यंत अनेकांच्या नावावर खपवला जातो. त्याचा माग बहुधा लंडनचे धर्मोपदेशक रोलंड हिल यांच्यापाशी जाऊन थांबतो.

या वादाचा एक धागा मुंबईतही आहे. १८८२ मध्ये फ्रेडरिक टकर यांच्यासह मुक्तिफौजेची चार माणसे मुंबईत उतरली आणि वाजतगाजत मिरवणूक काढल्याबद्दल त्यांना अटक झाली. मराठी ख्रिस्ती गाण्यातला बदल मात्र बँडबाजाने घडवला नाही. पाश्चात्त्य चालींत कोंबलेली भाषांतरित गीते आणि इथल्या कानांना ओळखीचा अभंग यांतले अंतर नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९) ओळखले आणि भजन, अभंग, ओवी यांत ख्रिस्तभक्ती गायली. 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक उघडले की त्यांच्या रचना आजही भेटतात. नवा वाण देवळात नेण्याआधी तो पवित्र आहे की नाही याची पंचाईत इथेही झालीच असणार, फक्त अमेरिकेत ती गिटारच्या आवाजात झाली.

अमेरिकेतला ख्रिस्ती रॉक साठीच्या दशकाच्या शेवटी आला. कॅलिफोर्नियातले हिप्पी तरुण मोठ्या संख्येने ख्रिस्ताकडे वळू लागले आणि येताना केस, सँडल आणि गिटारी घेऊनच आले. कोस्टा मेसा इथल्या कॅल्व्हरी चॅपलने त्यांना दार उघडले. लॅरी नॉर्मन यांचा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम १९६९ मध्ये कॅपिटल रेकॉर्ड्सने काढला. पहिला ख्रिस्ती रॉक अल्बम म्हणून बहुतेक वेळा त्याचेच नाव घेतले जाते. १९७२ मध्ये नॉर्मन यांनी तो सैतानाच्या गाण्यांचा जुना सवाल एका गाण्याचे शीर्षक म्हणून वापरला. त्याच वर्षी डॅलसमध्ये भरलेल्या 'एक्स्प्लो' मेळाव्यात बिली ग्रॅहम यांच्या प्रवचनांबरोबर रॉकही वाजले. चर्चमधल्या वडीलधाऱ्यांपैकी काहींनी नाक मुरडले, काहींनी पोरे निदान चर्चच्या आवारात तरी राहतात म्हणून समाधान मानले.

पुढच्या वीस वर्षांत याचा स्वतंत्र बाजार झाला. नॅशव्हिलमध्ये कंपन्या, ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत कॅसेटींचे कप्पे, स्वतःची रेडिओ केंद्रे, १९६९ पासूनचे स्वतःचे पुरस्कार. ओळखीच्या प्रत्येक लौकिक आवाजाला एक ख्रिस्ती पर्याय असावा, असा अलिखित नियमच पडला. 'स्ट्रायपर'ने हेवी मेटल वाजवत श्रोत्यांत बायबलच्या प्रती भिरकावल्या. १९८७ मध्ये दूरचित्रवाणीवरचे प्रवचनकार जिमी स्वॅगर्ट यांनी धार्मिक रॉकला मेंढराच्या कातड्यातला लांडगा म्हणत एक पुस्तकच लिहिले. या पर्यायी बाजारात आवाजाची नक्कल पुष्कळ होती आणि विनोद फार थोडा. गाण्याने साक्ष द्यायची, साक्ष गंभीरच हवी, असा समज. तो मोडणाऱ्यांत स्टीव्ह टेलर हे ठळक नाव. १९८३ च्या 'आय वाँट टु बी अ क्लोन'मध्ये त्यांनी एकाच साच्यातून निघणाऱ्या भाविकांची टर उडवली. १९८७ मध्ये गर्भपात केंद्रांवर बॉम्ब टाकणाऱ्यांवर उपहासाने लिहिलेले त्यांचे गाणे कित्येकांनी शब्दशः घेतले आणि त्यांना त्याचा जाच झाला. उपरोध सांगावा लागला की संपतो, आणि धर्माच्या बाजारात तो फार वेळा सांगावा लागतो.

नव्वदीत हवा बदलली. डीसी टॉक या ख्रिस्ती गटाचा 'जीझस फ्रीक' (१९९५) आणि जार्स ऑफ क्ले या बँडचे 'फ्लड' चर्चबाहेरच्या श्रोत्यांपर्यंत गेले. ख्रिस्ती दुकानांतली विक्रीही त्याच सुमारास राष्ट्रीय मोजणीत धरली जाऊ लागली, म्हणून हे आकडे बाकीच्यांना दिसू लागले. डीसी टॉकच्या टोबी मॅकीहन यांनी दोन भागीदारांसह १९९४ मध्ये गोटी रेकॉर्ड्स काढली. डीसी टॉकच्या मैफलींत गिटार वाजवणारे मार्क ली टाउनसेंड यांच्या हाताखाली कँटनच्या पोरांनी सुरुवातीची ध्वनिमुद्रणे केली आणि ती गोटीपर्यंत पोचली. बँडच्या नावाचाच पहिला अल्बम २००० मध्ये निघाला.

हा पहिला अल्बम म्हणजे वेगवान पॉप-पंक. तीन-चार सूर, धावता ड्रम, नाकातून येणारा कोवळा आवाज आणि टीव्ही मालिका, सिनेमे, बालपणीच्या खेळण्यांचे उल्लेख. मॅरिलिन मॅन्सनने माझ्या मैत्रिणीला खाल्ले, अशी एका गाण्यातली ओळ. ज्या गायकाच्या नावाने चर्चमधल्या आया धास्तावत, त्याला राक्षस न ठरवता विनोदात काढण्यातली ही हुशारी खरी. पण बाकी बराचसा माल यूथ ग्रुपच्या सहलीत बसमध्ये गाण्याजोगा.

२००१ च्या 'द अ‍ॅनाटॉमी ऑफ द टंग इन चीक'पासून शीर्षकांचे खेळ सुरू झाले. गालात जीभ धरणे म्हणजे इंग्रजीत थट्टेने बोलणे. त्या थट्टेची 'शरीररचना' हा अल्बम मांडतो. भाषांतराला बसणाऱ्याने इथे हात टेकावेत, श्लेष दुसऱ्या भाषेत नेला की त्याचे पाणी होते. याच अल्बममधले 'सेडी हॉकिन्स डान्स' हे गाणे अमेरिकन शाळांतल्या एका प्रथेवर आहे. अल कॅप यांच्या 'लिल अ‍ॅबनर' या चित्रमालिकेतून १९३७ मध्ये निघालेला हा प्रकार. एरवी मुलाने मुलीला नृत्याला बोलवायचे, त्या दिवशी उलटे. शेजारीच दोन गाणी वेगळ्या धारेची आहेत. एक, ख्रिस्ती माणसे एकमेकांनाच कशी गोळ्या घालतात यावर. दुसऱ्याचे शीर्षक १९६७ च्या 'कूल हँड ल्यूक' सिनेमातल्या प्रसिद्ध वाक्याला चिमटा काढते, त्यात संवादाच्या जागी बहिष्कार येतो, आणि मंडळीने वाळीत टाकलेल्या माणसाची बाजू घेतली जाते. थट्टेचा रोख आता बाहेरच्या सैतानावर नव्हता, आतल्या बाकांवर बसलेल्यांवर होता.

२००३ च्या अल्बमचे नाव तर वाहनचालकाला कळावे असे. दोन चुका मिळून एक बरोबर होत नाही या म्हणीत 'चूक'च्या जागी 'डावे वळण' आले. दोनदा डावीकडे वळून उजवी बाजू सापडत नाही, तीनदा वळले की सापडते, आणि इंग्रजीत उजवे आणि बरोबर यांना शब्द एकच. ग्रॅमीच्या रॉक गॉस्पेल गटात या अल्बमला नामांकन होते. तरी त्यातली काही थट्टा, विशेषतः मुलींच्या बदलत्या मूडवरची, आज शिळी वाटते.

खरा पालट २००४ च्या नोव्हेंबरमधला. 'म्महम्म' हे नाव म्हणजे होकाराचा हुंकार, इंग्रजी अक्षरांत उलटे वाचले तरी तेच. गोटीबरोबर या वेळी कॅपिटलही होती, म्हणजे लॅरी नॉर्मन यांना पस्तीस वर्षांपूर्वी संधी देणारी तीच कंपनी. बिलबोर्डच्या मुख्य यादीत अल्बम पंधराव्या क्रमांकावर दाखल झाला. आवाजात पियानो पुढे आला, बँजोही ऐकू येऊ लागला, गाणी एका दमात धावण्याऐवजी थांबून, ओसरून पुन्हा चढू लागली. 'बी माय एस्केप' हे यातले सर्वांत गाजलेले. बोलणारा माणूस स्वतःच्याच कोठडीत अडकला आहे आणि किल्ली मात्र देवाच्या हातात. देवाची कृपा हिशोबाने मिळत नाही, म्हणून ती एका अर्थी न्यायाला धरून नाहीच, आणि तीच तर त्याची सोय, असा उलटा युक्तिवाद तो करतो. ही थट्टाच, पण ती करणाऱ्याचा घसा दाटलेला. दुसऱ्या गाण्यात आजचा मी कालच्या मीचा द्वेष करतो. करू नये तेच आपण करतो ही रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातली पौलाची तक्रार, ओहायोच्या पोराच्या तोंडी. ही दोन्ही गाणी सुवर्ण विक्रीपर्यंत गेली. विठोबाला तोंडावर बोल लावणारे आणि त्याच दमात स्वतःला पतित म्हणवणारे अभंग ऐकत वाढलेल्या मराठी कानाला हा सूर परका वाटणार नाही. शब्दखेळ सुटला नव्हताच. भांडण गाडायचे की भांडणाऱ्यांना, असा प्रश्न कुऱ्हाड पुरण्याच्या इंग्रजी वाक्प्रचारावरून एका शीर्षकात आहेच. पण विनोदाचे गिऱ्हाईक आता गायक स्वतः होता, आणि इथेच तो बँड वयात आला.

पिटमन २००४ मध्ये बाहेर पडला. जॉन वॉर्न बासवर आणि जॉन श्नेक गिटार-बँजोवर आले, ड्रमवर डेव्ह डग्लस होताच. मार्च २००७ चा 'फाइव्ह स्कोर अँड सेव्हन इयर्स अगो' हा पाचवा अल्बम, पहिल्यानंतर सात वर्षांनी. लिंकन यांच्या १८६३ च्या गेटिसबर्ग भाषणाची सुरुवात 'चार विसा आणि सात वर्षांपूर्वी' अशी होते, तिच्यात चाराचे पाच झाले. हाच त्यांचा यादीतला सर्वोच्च क्रमांक, सहावा. निर्माते हॉवर्ड बेन्सन यांनी आवाजाला दिलेली झिलई अंमळ जास्तच आहे, पण शेवटच्या गाण्यापाशी तक्रार विरते. 'डेथबेड' अकरा मिनिटांचे. अंथरुणाला खिळलेला एक म्हातारा चादरींना येणारा मरणाचा वास घेत आयुष्य उलगडतो. सिगारेटी, दारू, मोडलेला संसार, बोलिंगच्या लीगमधली क्षुल्लक कर्तबगारी. या माणसाची कीव करवून घेण्याऐवजी गाणे त्याला मधूनमधून हसू देते आणि चाल जवळजवळ उडती ठेवते. अखेरीस स्विचफूट बँडचा जॉन फोरमन येशूच्या शब्दांत गातो. तारण शेवटच्या घटकेलाही मिळते, ही वधस्तंभावरच्या चोराची जुनी कथा, फक्त इथे चोराच्या जागी एक सिगारेट ओढणारा सामान्य अमेरिकन.

२००९ च्या 'फर्गेट अँड नॉट स्लो डाउन'मागे थीसनचा मोडलेला साखरपुडा होता. शीर्षकात श्लेष नाही, हेच लक्षण पुरेसे बोलके. गाण्यांना जोडणारे छोटे तुकडे, एकाच दुःखाभोवती फिरणारे शब्द, दोष दुसऱ्यावर न ढकलणारा निवेदक. अनेक चाहत्यांच्या मते हाच त्यांचा सर्वोत्तम अल्बम, आणि त्या मताशी भांडणे कठीण.

चार वर्षांनी आलेला 'कोलॅप्सिबल लंग' बाहेरच्या गीतकारांना बरोबर घेऊन रेडिओसाठी घडवलेला. त्यात श्रद्धा जवळजवळ नाहीच, आणि त्याहून वाईट म्हणजे विनोदही बेतलेला. जुन्या श्रोत्यांना तो रुचला नाही. त्यानंतर थीसन आणि हूप्स हे दोघेच उरले. २०१६ च्या जुलैतला 'एअर फॉर फ्री' त्यांनी दोघांच्या जोरावर केला. गाण्यांच्या यादीत मांजर आहे, पाणघोडा आहे, रस्त्यावरचे खोदकाम आहे, देव नावाचे एक गाणे आहे आणि उधळ्या पुत्राचेही. त्याच वर्षी शरदात ते स्विचफूटबरोबर अमेरिकाभर दौऱ्यावर निघाले, आणि 'डेथबेड'मध्ये येशूचे शब्द गाणारा जॉन फोरमन त्याच दौऱ्यात बरोबर होता.