गोल्डन वॅटल

गोल्डन वॅटल (शास्त्रीय नाव: अकेशिया पिक्नँथा) हे फॅबेसी म्हणजेच शिंबी कुलातील सदाहरित झुडूप किंवा लहान वृक्ष आहे. ही वनस्पती मूळची आग्नेय ऑस्ट्रेलियातील असून तिचे फूल त्या देशाचे राष्ट्रीय पुष्प आहे. इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ जॉर्ज बेंथम यांनी १८४२ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले.

वर्णन

उंची साधारणतः ३ ते ८ मीटर असते. रोपाची पहिली पाने बाभळीच्या पानांप्रमाणे संयुक्त असतात. पुढे पानांचे देठच चपटे व कोयत्याच्या आकाराचे होऊन पानांचे कार्य करतात. हिवाळ्याच्या अखेरीस व वसंतात सोनेरी, सुगंधी फुलांचे गोल गुच्छ येतात. फळ चपटी शेंग असते.

वाढीसाठी अनुकूल परिस्थिती

निसर्गतः हे झाड निलगिरीच्या विरळ वनांत मोठ्या वृक्षांखाली वाढते. त्यास भरपूर ऊन व पाण्याचा उत्तम निचरा होणारी जमीन मानवते. मुळांवरील गाठींतील जीवाणू हवेतील नायट्रोजन स्थिर करतात. त्यामुळे ते हलक्या जमिनीतही तग धरते. बियांचे कवच कठीण असल्याने पेरणीपूर्वी त्या गरम पाण्यात भिजवतात किंवा त्यांचे कवच खरवडतात. निसर्गात हेच कार्य वणव्याची उष्णता करते.

महत्त्व

सालीत टॅनिनचे प्रमाण पुष्कळ असल्याने ती कातडी कमावण्यासाठी वापरली जात असे. १ सप्टेंबर १९८८ रोजी या फुलास राष्ट्रीय पुष्पाचा दर्जा अधिकृतपणे देण्यात आला. १ सप्टेंबर हा दिवस ऑस्ट्रेलियात ‘राष्ट्रीय वॅटल दिन’ म्हणून पाळला जातो.

आक्रमक प्रसार

मायदेशात भूषण ठरलेली ही वनस्पती दक्षिण आफ्रिकेत मात्र उपद्रवी तण ठरली आहे. जमिनीत दीर्घकाळ टिकणाऱ्या बियांमुळे तिचे निर्मूलन अवघड जाते. तिच्या फुलकळ्यांचे गाठींत रूपांतर करणारी, ऑस्ट्रेलियातीलच एक गांधीलमाशी तेथे सोडून बीजनिर्मिती रोखण्याचा प्रयत्न करण्यात आला. एखादी वनस्पती नव्या प्रदेशात लावताना तिचे नैसर्गिक शत्रू तेथे नसतात, ही बाब म्हणूनच विचारात घ्यावी लागते.

वर्गीकरण

बाभूळ व खैर यांचाही समावेश पूर्वी अकेशिया प्रजातीत होत असे. २००५ मध्ये व्हिएन्ना येथील आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र परिषदेच्या निर्णयानुसार ते नाव प्रामुख्याने ऑस्ट्रेलियातील जातींकडे राहिले. त्यामुळे आता बाभळीची गणना व्हॅचेलिया, तर खैराची सेनेगालिया या प्रजातीत होते.