समुद्रप्रवास आणि ‘हातचे पाणी’

विहारासाठी समुद्रावर फिरणाऱ्या प्रवासी जहाजांवर प्रवाशाने स्वतःचे पिण्याचे पाणी न्यावे किंवा नाही, या प्रश्नाचे आजचे उत्तर जहाजकंपन्यांच्या नियमावलीत सापडते. कार्निव्हल या अमेरिकन कंपनीने २०१५ मध्ये प्रवाशांना पाण्याच्या बाटल्या बरोबर आणण्यास मनाई केली. ठराविक संख्येचे लहान बंद डबे तेवढे चालतील असे ठरविले. बाटलीचे झाकण उघडून तीत मद्य भरता येते आणि झाकण पुन्हा बेमालूम बसविताही येते, हे त्यामागचे एक कारण होते. म्हणजे येथे संशय आहे तो कंपनीला प्रवाशाच्या पाण्याचा. आपल्याकडे दीर्घकाळ हा संशय नेमका उलट दिशेने वाहत होता. प्रवाशाला जहाजाच्या पाण्याचा संशय होता. त्या संशयाचे स्वरूप काय होते आणि तो कोणाच्या समाधानासाठी बाळगला जात होता, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शास्त्रवचने पाहू. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हा उत्तरेकडील लोकांच्या विशेष आचारांत गणला आहे. त्याच ग्रंथात पुढे तो पातित्य आणणाऱ्या कर्मांतही येतो आणि त्यासाठी तीन वर्षांचे व्रत सांगितले जाते. पुढील काळात कलिवर्ज्यांच्या याद्या झाल्या, आणि त्यांत समुद्र ओलांडून आलेल्या द्विजाचा पुन्हा स्वीकार करणे वर्ज्य ठरले. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने संग्रहित केलेल्या वचनांत तर प्रायश्चित्ताने शुद्ध झालेल्यालाही पंक्तीत घेऊ नये, इथवर मजल गेली आहे. महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या तिसऱ्या खंडात (१९४६) या सर्व प्रकरणाचा साक्षेपाने परामर्श घेतला आहे. येथे एक लहानशी गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. बृहन्नारदीय पुराणाच्या यादीत समुद्रयात्रिकाचा स्वीकार आणि कमंडलूचे धारण ही दोन वर्ज्ये एकाच श्लोकार्धात शेजारी बसली आहेत. दोहोंचा परस्परसंबंध तेथे अभिप्रेत नाही, छंदाच्या सोयीने ती जवळ आली असावीत. तथापि जहाज आणि पाण्याचे भांडे यांचे हे शेजार पुढील इतिहासाच्या दृष्टीने मोठे सूचक वाटते.

या वचनांतून एक मुद्दा स्पष्ट होतो. दोष आहे तो समुद्रावर जाण्याचा. जहाजावर कोणते पाणी प्यालात, हा प्रश्न तेथे नाही. आणि स्वतःचे पाणी नेले असता दोष टळेल, अशी सवलतही नाही. असे असता एकोणिसाव्या शतकातील चर्चा अन्नपाण्याभोवती का फिरत राहिली?

उत्तराचा प्रारंभ हनुमंतरावाच्या प्रकरणात सापडतो. रघुनाथराव पेशव्याने इंग्लंडला पाठविलेल्या वकिलांत हा ब्राह्मण होता आणि त्याच्याबरोबर मणियार हे पारशी गृहस्थ होते. १७८१ मध्ये ही मंडळी इंग्लंडात असता एडमंड बर्कने त्यांना बीकन्सफील्ड येथील आपल्या घरी नेले आणि स्वयंपाकास व आन्हिकास अडथळा येऊ नये म्हणून बागेतील काचघर मोकळे करून दिले. काचघरात चूल मांडून सोवळ्याने स्वयंपाक करणारा पेशव्याचा वकील, हे दृश्य आज मौजेचे वाटेल. पण बर्कला त्यात मौज वाटली नाही. परक्या भूमीवर आचार पाळण्याचे किती सायास पडतात, हे त्याने जवळून पाहिले. एवढा आचार सांभाळूनही परतल्यावर काय झाले? सुवर्णाच्या योनीतून बाहेर पडून, म्हणजे प्रतीकरूपाने पुनर्जन्म घेऊन, या वकिलांची शुद्धी करण्यात आली, असे विल्फर्डने ‘एशियाटिक रिसर्चेस’मध्ये नोंदविले आहे. याचा अर्थ सरळ आहे. सांभाळलेल्या आचाराने समुद्राचा दोष गेला नाही. मात्र शुद्धी करून घेण्यास हा मनुष्य योग्य आहे, एवढे त्याने सिद्ध झाले असावे. आचार हा प्रायश्चित्ताला पर्याय नव्हता. तो पुरावा होता, आणि तो पुरावा ग्रंथांपुढे ठेवावयाचा नसून ज्ञातीपुढे ठेवावयाचा होता.

हा पुरावा पाण्याच्या रूपाने का मागितला गेला, हे मराठी भाषेच्याच आधारे पाहता येते. मराठीत पाणी ‘हातचे’ असते. अमक्याच्या हातचे पाणी चालते, तमक्याच्या हातचे चालत नाही. विहीर, नदी, पाऊस यांपैकी ते कोठून आले ही चौकशी मागाहून, आधी हात. प्रवासात न्यावयाच्या अन्नाला आपल्याकडे ‘शिदोरी’ हा घरगुती आणि ‘पाथेय’ हा संस्कृत शब्द आहे. प्रवासात न्यावयाच्या पाण्याला असा स्वतंत्र शब्द रुळला नाही. तेथे भांड्याचे नाव येते: तांब्या, गडवा, चंबू, सुरई, छागल. शिदोरीत काय बांधले आहे याला महत्त्व होते. पाण्याच्या बाबतीत ते कशात आहे आणि ते भांडे कोणाचे आहे याला. भांड्याचा धातूही गौण नव्हे. धातूचे भांडे घासून, तापवून शुद्ध होते. मातीचे विटाळले की टाकावे लागते. १८५५ मध्ये बिहारातील आरा व मुझफ्फरपूर येथील तुरुंगांत कैद्यांचे पितळी लोटे काढून मातीची भांडी देऊ केली, तेव्हा कैद्यांनी बंड केले ते यामुळेच. (आपल्या वऱ्हाडात एका संताने नेमके हेच टाकाऊ भांडे हाती धरले, आणि लोकांनी त्याला त्या गाडग्याच्या नावानेच ओळखले, हा योगायोग खचित नव्हे.)

आगगाडी आल्यावर या भांडेशास्त्रात एक सुधारणा झाली. भुसावळहून निघालेला जी. आय. पी. रेल्वेचा मार्ग बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपुरास पोहोचला. अमरावतीकरास मुंबईची गाडी बडनेऱ्यासच धरावी लागे. तेव्हा अमरावतीच्या माणसाचा समुद्रप्रवास खरे पाहता बडनेऱ्याच्या फलाटावरच सुरू होई. फलाटांवर ‘हिंदू पाणी’ व ‘मुसलमान पाणी’ अशी वेगळी व्यवस्था असे. तरीही पुष्कळ घरांतून बरोबर निघे तो फिरकीचा तांब्या. आट्यांचे झाकण घट्ट फिरवून बसवावयाचे आणि तहान लागेल तेव्हा आपल्याच हाताने उघडावयाचे. पाणी सांडू नये, हा त्याचा उघड उपयोग. परंतु मधल्या प्रवासात परका हात आत गेला नाही, ही हमीही तीच फिरकी देई. आजच्या सीलबंद बाटलीचे झाकण हे या फिरकीचेच वंशज म्हणावयास हरकत नाही. ‘बाटली’ हा शब्द मात्र युरोपीय आहे, ‘बाटणे’ या क्रियापदाशी त्याचा व्युत्पत्तीने काही संबंध नाही. तरी त्या क्रियापदाचे भूतकाळी स्त्रीलिंगी रूप आणि हे नाम कानाला एकच लागते, हे अभ्यासकांना निराळे सांगावयास नको.

आता जहाजाचे स्वतःचे पाणी. शिडांच्या काळात ते लाकडी पिंपांत भरून नेत. ‘पिंप’ हा शब्दही पोर्तुगीजांकडून आलेला आहे, म्हणजे भांडे आणि नाव दोन्ही दर्यावर्दी. १८३४ नंतर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर जाऊ लागले, त्यांत मराठी माणसेही होती. त्यांनी या सामाईक पिंपांतलेच पाणी प्याले. त्यांच्यासाठी कोणी काचघर मोकळे केले नाही. वाफेच्या जहाजांवर समुद्राचे पाणी उकळून, वाफ थंड करून गोडे पाणी करण्याची यंत्रे आली. १८६७-६८ च्या ॲबिसिनियाच्या मोहिमेत झुला येथील निर्जल किनाऱ्यावर उतरलेल्या फौजेला असे पाणी पुरविण्यात आले. मुंबई फौजेत कोकणातले व देशावरले मराठे आणि महार मोठ्या संख्येने असत; बंगाल फौजेतील उच्चवर्णीय शिपायांनी समुद्र ओलांडण्यास जसा विरोध केला, तसा या फौजेने केला नाही. शुद्धतेच्याच दृष्टीने पाहावयाचे तर अग्नीतून निघालेल्या आणि मानवी स्पर्शाशिवाय पुन्हा द्रवरूप झालेल्या या पाण्याइतके निर्दोष पाणी दुसरे कोणते? परंतु वाद पाण्याच्या निर्दोषतेचा असता तर यंत्राने तो तेथेच मिटविला असता. पाणी ओतणारा हात यंत्राला बदलता आला नाही.

पुण्यातील दोन घटना एकत्र ठेवल्या म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. आनंदीबाई जोशी एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी श्रीरामपूर येथील भाषणात आधीच जाहीर केले होते, आणि शाकाहार व पोशाख या बाबतींत ते कसोशीने पाळले. त्या परतल्या तेव्हा पुण्याने त्यांचे स्वागत केले. उलट ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्याच पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवण्यात आली. या प्रकाराचे सूत्रधार आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनीच उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापविली, आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. समुद्र ओलांडून आलेल्या स्त्रीचा सत्कार आणि पेठेतल्या पेठेत चहा पुढे आलेल्यांवर बहिष्कार! शास्त्राच्या तराजूत हे बसत नाही. पुराव्याच्या तराजूत ते बरोबर बसते. आनंदीबाईंनी आपला आचार जगाला दिसेल असा राखला होता. पंचहौदातील पेले परक्यांनी पुढे केलेले होते, आणि त्यांचे साक्षीदार वर्तमानपत्राचे सर्व वाचक होते.

पुरावा जितका मोठा, तितका तो दिसावयास हवा. याची परमावधी जयपूरच्या महाराजा सवाई माधोसिंहांनी गाठली. सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी १९०२ मध्ये त्यांनी ‘ऑलिम्पिया’ हे जहाज खास भाड्याने घेतले आणि मुंबईहून निघताना चांदीच्या प्रचंड कलशांतून गंगाजल बरोबर घेतले. एकेका कलशाचे वजन सुमारे ३४५ किलो, उंची दीड मीटरहून अधिक, आणि त्यात सुमारे ४००० लिटर पाणी मावते. जयपूरच्या राजवाड्यात त्यांपैकी दोन आजही पाहावयास मिळतात. फिरकीच्या तांब्याचे आणि या कलशांचे तत्त्व एकच, भेद सांपत्तिक. एक मात्र खरे की, ज्याला चार हजार लिटर पाणी बरोबर नेणे परवडते, त्याच्या पुनःप्रवेशास ज्ञातीची हरकत सहसा येत नाही.

या कलशांच्या प्रवासाच्या आदल्याच वर्षी आपल्या महाराष्ट्रात एक वेगळा प्रवास झाला. त्यात समुद्र नव्हता. साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्थानकावर उतरून, पुढे बैलगाडीने वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेल्या काही मुलांत भीमराव आंबेडकर होते. मुलांजवळ शिदोरी होती, पाणी नव्हते. वाटेत ते मागूनही मिळाले नाही आणि भरल्या शिदोरीनिशी ती उपाशी राहिली. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी ही हकिकत सांगितली आहे. आतापर्यंत पाहिलेल्या प्रत्येक प्रवाशाचा प्रश्न आपण कोणाचे पाणी घ्यावे, हा होता. येथे प्रश्न पाणी कोण देईल, हा आहे. आणि पहिल्या प्रश्नाची सर्व उत्तरे मिळूनच हा दुसरा प्रश्न तयार झाला. तोच मुलगा १९१३ मध्ये अमेरिकेस जहाजाने गेला. २० मार्च १९२७ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले गेले, तेव्हा तेथील सवर्णांनी पंचगव्याने तळ्याची शुद्धी केली. परदेशाहून परतलेल्या माणसाच्या प्रायश्चित्तात जे द्रव्य लागे, तेच. समुद्र ओलांडणारा देह आणि गावातले तळे यांना एकच औषध!

वऱ्हाडाकडे वळू. येथे ‘गोडे पाणी’ ही संज्ञा केवळ सोवळ्याची नाही. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, म्हणजे अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, भूगर्भातले पाणी खारट आहे. विहीर भरलेली असूनही पिण्याचे पाणी दुरून आणावे लागे. भोवताली पाणी असून पिण्यास नाही, ही खलाशाची अवस्था येथल्या कुणब्याला घरबसल्या ठाऊक होती. गोड्या पाण्याच्या विहिरी मोजक्या असल्या म्हणजे त्यांवर कोणी यावे व कोणी येऊ नये, याचा कडवेपणाही अधिक जाचतो.

याच भूमीतून लोक समुद्रापार गेले. दादासाहेब खापर्डे १९१९ मध्ये स्वराज्याच्या कामासाठी इंग्लंडास गेले. १८९८ मध्ये पापळ या गावी जन्मलेले पंजाबराव देशमुख १९२० मध्ये शिक्षणासाठी विलायतेस गेले आणि वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर ऑक्सफर्डची डॉक्टरेट व बॅरिस्टरी घेऊन १९२६ मध्ये परतले. पुढल्याच वर्षी, नोव्हेंबर १९२७ मध्ये, अमरावतीस अंबादेवीच्या मंदिरप्रवेशासाठी आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि पंजाबराव त्या चळवळीत होते. १९२८ मध्ये ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले, आणि त्या अधिकारात त्यांनी जिल्ह्यातील सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या.